बिबड्याचे काठ

कुरकुरीत काहीही हातात आलं की आमच्या पिंप्राळ्यातले सर ते आधी कानाशी नेऊन मोडायचे. "ऐका! क्रिस्प!" मग खायचे. केळ्याचा वेफर असो नाहीतर काकडी. तुमच्याही गल्लीत असा एखादा इंग्रजीचा निवृत्त मास्तर असेल. आमचा जरा जास्तच होता.

"क्रिस्प म्हणजे मुळात कुरळं, बरं का वहिनी. लॅटिन! कुरकुरीत हा अर्थ मागाहून चिकटला. का, ते पंडितांनाही नक्की ठाऊक नाही. पण मला विचारा. वाळताना काठ वळतात, म्हणून!"

त्यांच्या पत्नी, धुळ्याकडच्या अक्का, आतून म्हणायच्या, "तुमनं इंग्रजी चुल्हामा घाला!"

"हे उत्तरही क्रिस्प," सर खूश.

मग अक्कांना ते दुखणं लागलं. औषधांनी तोंडाची चव पार गेली. एका उन्हाळ्यात मात्र म्हणाल्या, बिबडा खावासा वाटतो. ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे जाडसर पापड, आम्ही बायका दरवर्षी त्यांच्याच हाताखाली गच्चीवर थापायचो; त्या वर्षी त्यांचाच डबा रिकामा. मी माझे देऊ केले.

"नको. तिला तिच्या घरचा हवा," सर म्हणाले.

पहाटे उठून त्यांनी पीठ शिजवलं, एकट्यानं थापलं. बिबडे कसले, नकाशेच ते! दुपारी गच्चीवरून हाक, "वहिनी, काठ वळले! झाले क्रिस्प!" म्हटलं, अजून दोन उन्हं दाखवा. ऐकतील तर शपथ! संध्याकाळी डबा भरून मोकळे.

आठवड्यानं उघडला तर आत बुरशी. सर डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. अक्का भिंत धरत बाहेर आल्या, डब्यात डोकावल्या आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या.

"काठ काय देखतस? मझार हात लावा ना!"

पुन्हा थापले, तेव्हा त्या छत्रीखाली खुर्चीत बसल्या. सरांचा हात धरून बिबड्याच्या मधोमध टेकवायच्या. "ओला शे. अजून ओला शे." वाळल्यावर तळलेला पहिला बिबडा त्यांनीच सरांच्या कानाशी मोडला. अर्धाच खाल्ला, पण चवीनं खाल्ला. दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही.

पुढं दर उन्हाळ्यात सर एकटेच बिबडे करून घरोघर द्यायचे. लॅटिन वगैरे बंद झालं. एवढंच म्हणायचे, "मध्ये हात लावून बघितलाय."

या थंडीत सर गेले. यंदा त्यांची गच्ची मोकळीच आहे. त्यांनी दिलेला शेवटचा बिबडा परवा तळला. कानाशी नेला खरा, पण मोडवेना.