खांबाआडच्या कुसुमताई

कुसुमताई गेल्याचं मला वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. मी शाळा सुटल्यावर भोरच्या स्टँडवरून घरी निघाले होते, गाडी नुकतीच लागत होती, आणि त्यानं दारातूनच हाक मारली, "बाई, तुमच्या कुसुमताई गेल्या. आज सकाळीच. चहा पिता पिता." मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण तोंडून तेच गेलं. खोटं कशाला सांगू, आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. भातकापण्या आटोपत आल्या होत्या, मार्गशीर्षातली आमची टिपऱ्यांची संध्याकाळ जवळ आली होती, आणि मनात पहिला विचार आला तो हाच... आता खांबाआड कोण उभं राहणार?

कुसुमताई ग्रामसेविका होत्या. उत्रोलीपासून पार पासलीपर्यंत त्यांचं राज्य, एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि पुढं पायी. बालवाड्या, देवीच्या लशी, शिवणाचे वर्ग हे सगळं करून उरलेल्या वेळात त्यांनी बायकांच्या हातात टिपऱ्या दिल्या. दोन रांगा समोरासमोर, आणि एकीनं बाजूला उभं राहून हाक द्यायची, 'आत', 'बाहेर', 'नदीकडं', 'डोंगराकडं'. हाक येईल तशी रांग सरकते आणि प्रत्येकीसमोर नवी जोडीदारीण येते. वर्षातून एकदा उत्रोली आणि पासली या दोन्ही गावच्या बायका भोरला आमच्या शाळेच्या पटांगणात जमायच्या आणि उत्रोलीची सून पासलीच्या आजीबाईशी टिपऱ्या खेळायची. हाक अर्थातच कुसुमताईंची. त्यांचा आवाज असा की त्या पटांगणात 'आत' म्हणाल्या तर रस्त्यावरचा माणूससुद्धा फाटकातून आत यायचा.

मग एका वर्षी आमच्याकडे पोहे खाता खाता त्यांनी जाहीर करून टाकलं, "यंदा हाक तू द्यायचीस. अर्धा वेळ तू, अर्धा वेळ पासलीची हौसा. मी शाळेच्या व्हरांड्यात खांबाशी उभी राहीन, पण तोंड उघडणार नाही." मी म्हटलं, "ताई, मला चौथीच्या पोरांवर ओरडता येतं, बायकांवर नाही." त्या म्हणाल्या, "मग त्यांना चौथीतली पोरं समज." झालं, विषय संपला. मला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. हौसाची तऱ्हा माझ्याहून वाईट. नवीन लग्न झालेली पोर, आणि सासू म्हणजे जमदग्नी. बायकांनी परगावी जाऊन नाचायचं हेच त्या बाईंना मान्य नव्हतं. "जशी नेते तशी आणून सोडते," असा शब्द कुसुमताईंनी दिला तेव्हा कुठं सुनेला सोडलं. आम्हा तिघींनाही ठाऊक होतं, काही वेडंवाकडं झालं आणि त्या घरानं नाही म्हटलं, की पासलीतली बाकीची दारंही लागणार. टिपऱ्यांच्या निमित्तानं त्या बायका वर्षातून एकदा तरी डोंगर उतरून खाली यायच्या, तेही संपणार.

संध्याकाळ झाली. व्हरांड्यात गॅसबत्ती टांगलेली. पटांगणाच्या एका टोकाला शाळेचं दार, दुसऱ्या टोकाला पिंपळाचा पार, आणि मधे दोन लांब रांगा, दोन्हींत दोन्ही गावच्या बायका मिसळलेल्या, माझ्याकडे बघत उभ्या. सुरुवात बरी झाली. 'आत' गेल्या, 'बाहेर' आल्या, टिपऱ्या एका तालात वाजायला लागल्या. मला वाटलं, जमलं की! आणि मी जोरात हाक दिली, "डोंगराकडं!"

उत्रोलीच्या बायका रोहिड्याच्या डोंगराकडं सरकल्या. पासलीच्या बायका वेल्ह्याच्या डोंगराकडं सरकल्या. म्हणजे अगदी उलट्या दिशेनं, एकमेकींच्या अंगावर. कुसुमताईंनी दोन्ही गावांत वेगवेगळी तालीम घेतली होती, आणि ज्या गावाला जो डोंगर दिसतो तो तिथला डोंगर. आजवर हाक देताना त्या हातानं दाखवायच्याही, त्यामुळे कधी घोळ झाला नव्हता. हात दाखवायचा असतो हे त्या आम्हाला सांगायला विसरल्या, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. रांगा एकमेकींत घुसल्या, कुणाची तरी टिपरी उलटी फिरली आणि हौसाच्या कपाळावर बसली. भुवईवरून रक्ताची धार आली.

टिपऱ्या थांबल्या. मी खांबाकडं पाहिलं. कुसुमताई तिथं उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरलेला, आणि माझ्याकडं टक लावून बघत होत्या. त्या क्षणाची भीती मला अजून आठवते, डोळ्यांपुढं हौसाची सासू उभी राहिली होती. तिकडं पासलीच्या दोघीतिघी टिपऱ्या कनवटीला खोचून चपला शोधायला लागल्या होत्या. हौसा पायरीवर बसली होती, पदर कपाळावर दाबून. तीच म्हणाली, "बाई, हाक द्या की. आत्ता ह्या गेल्या तर परत कुनी यायचं न्हाई."

"अगं, पण कुठं नेऊ यांना?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"डोंगराकडं नगा म्हनू. दाराकडं म्हना. दार समद्यास्नी दिसतंय."

मी हाक दिली. आवाज चिरकला, कुणीतरी हसलंही, पण रांग दाराकडं सरकली. मग पाराकडं. मग पुन्हा दाराकडं. हळूहळू टिपऱ्या जुळल्या. अर्ध्या वेळानंतर हौसानं कपाळाला चिंधी बांधून पायरीवरूनच हाक दिली, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली दिली.

दुसऱ्या दिवशी तिला पासलीला पोचवायला कुसुमताईंबरोबर मीही गेले. सासूबाई दारातच होत्या. सुनेचं कपाळ बघून म्हणाल्या, "कुनी मारलं?" हौसा खाली बघत म्हणाली, "कुनी न्हाई. डोंगर दोन निघालं." कुसुमताईंनी हात जोडले. "आत्याबाई, शब्द मी दिला होता. चुकी माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला." सासूबाई आत गेल्या, हळद घेऊन आल्या आणि सुनेच्या जखमेत जरा जोरातच दाबली. आम्हाला चहाही मिळाला नाही. पण पुढच्या वर्षी हौसा आली. सासूबाईही आल्या, सुनेवर नजर ठेवायला म्हणून, आणि टिपऱ्या घेऊन पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या.

पासलीहून परतताना एसटीत मी कुसुमताईंवर भडकलेच. "रक्त आलं तरी तोंड उघडलं नाहीत. दगड आहात का तुम्ही?" त्यांनी नुसता कालच्याच साडीच्या पदराचा कोपरा माझ्या हातात दिला. दातांनी चावून चावून त्याला भोकं पडली होती. "मला तुझ्याहून जास्त भीती वाटत होती," त्या म्हणाल्या. "पण उद्या माझी बदली झाली, मी मेले, तर काय टिपऱ्या बांधून माळ्यावर टाकणार तुम्ही?" मला तेव्हा ते बोलणं नुसतं अभद्र वाटलं होतं. मी भोर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर दर वर्षी हाका नवीन बायका द्यायच्या आणि कुसुमताई खांबाआड. या वर्षीचा कार्यक्रम रद्द करावा असं मी म्हणून पाहिलं. हौसा पासलीहून मुद्दाम उतरून आली आणि म्हणाली, "ताई आसत्या तर त्येंनी क्येला आसता का रद्द?" तिच्या भुवईवर अजून वण आहे. तो वण बघून मी गॅसबत्ती साफ करायला काढली.

परवा तो कार्यक्रम झाला. हाक द्यायला उत्रोलीची एक नवी सून होती. खांबाआड मी. सुरुवात बरी झाली, मग मधेच ती हाक विसरली. रांगा थांबल्या आणि तिनं माझ्याकडं पाहिलं... भेदरलेले डोळे. मला हाक ठाऊक होती. ती अगदी ओठांवर आली होती. हाक देताना वाटली नव्हती इतकी भीती मला त्या खांबाआड गप्प उभं राहताना वाटली. मी पदर तोंडात कोंबला आणि दात रोवले. तिनं नजर माझ्यावरून काढली, आणि मग ओरडली, "पाराकडं!"

रांग सरकल्यावर मी पदर तोंडातून काढला. नेसले होते ती कुसुमताईंची निळी सुती साडी होती, दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या बहिणीनं आठवण म्हणून दिलेली. मी कुठं चावलं ते बघायला पदराचा कोपरा गॅसबत्तीपुढं धरला. त्याला आधीचीच इतकी भोकं होती की माझं कुठलं ते कळेना.