त्र्याहत्तरावी पुरचुंडी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. मी विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा स्वतः घेऊन बिलाशी ताडणारा माणूस. म्हणून घडलं ते आकड्यांसकट लिहितो. चूक सापडली तर जरूर सांगा.

मी बेलापूरचा — श्रीरामपूरजवळचं, नवी मुंबईतलं नव्हे. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा एक घेवडा होता, जांभळ्या कडेच्या शेंगांचा, बाजारात कधी न दिसणारा. बी ती चुलीच्या राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवायची. मोजून एकवीस, आणि वर एक ‘पाखराचा’. ती गेल्यावर आवराआवरीत मला डब्यात ती पुरचुंडी सापडली. नुसती राखच आहे समजून मी ती खताच्या खड्ड्यात झटकली... आठवड्याने लक्षात आलं. खड्डा उकरला, पण बी कुजलं होतं.

वडिलांना सांगायचं धाडस झालं नाही. पाऊस सुरू झाला की अण्णा विचारायचे, “तिचा घेवडा लावला का रं?”

“पुढच्या वर्षी नक्की, अण्णा.”

अण्णा ऐंशीच्या पुढचे. पुढची वर्षं मोजायची मलाच भीती वाटायची.

त्या बियाण्याच्या शोधातच मी परसबागेच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरलो. घेवडा कुणाकडेच मिळाला नाही, पण माणसं चांगली मिळाली. गेल्या मे महिन्यात ठरलं — अलिबागजवळ नागावला, नीलमताईंच्या वाडीत, समुद्राकाठी जेवायला भेटायचं. आम्ही सभासद नऊ. नियम असा की प्रत्येकाने बाकीच्या आठ जणांसाठी बियाण्याची एकेक पुडी आणायची. नऊ आठे बहात्तर. पुड्या टोपलीत टाकताना मी दोनदा मोजल्या. बहात्तरच.

सुरमई, सोलकढी, तांदळाच्या भाकरी... समोर भरतीचं पाणी. दोन वर्षं ज्यांचे फक्त टोमॅटो पाहिले होते ती माणसं शेजारी बसून जेवत होती. फार छान वाटत होतं.

“काय बेलापूरकर, लाटा मोजून झाल्या का?” कराडच्या मोरेसरांनी टोमणा मारला.

“घरी भाकरीसुद्धा मोजून खातात,” आमच्या सौ.ने भर घातली. सगळे हसले. मीही.

जेवणानंतर प्रत्येकाने आठ-आठ पुड्या उचलल्या. टोपली रिकामी व्हायला हवी होती. तळाशी एक राखाडी फडक्याची पुरचुंडी होती.

“ही कुणाची?”

कुणाचीच नाही. बाकी सगळ्या पुड्या कागदाच्या होत्या. नीलमताई म्हणाल्या, “टोपली सकाळीच धुऊन उन्हात पालथी घातली होती हो मी.”

“गणित चुकलं तुमचं, साहेब!” मोरेसर म्हणाले. मी सगळ्यांच्या पुड्या पुन्हा मोजल्या. प्रत्येकाकडे आठच.

गाठ सोडली. राख. राखेत घेवड्याचं बी. मी मोजायला लागलो... एकवीस. आणि वर एक. सौ.ला सगळं ठाऊक होतं, ती एवढंच म्हणाली, “नीट बांधून घ्या.”

नागाव ते बेलापूर सव्वातीनशे किलोमीटर ती पुरचुंडी खिशात होती. जूनमध्ये बी लावलं. बावीसपैकी एक दाणा पाखरांनी नेला, एकवीस उगवले. दिवाळीनंतर शेंगा धरल्या — जांभळ्या कडेच्या.

अण्णांनी भाजीचा पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग म्हणाले, “तिचाच हाय.”

मला राहवलं नाही. खड्ड्याचं सगळं सांगून टाकलं.

“आरं, तू टाकलंस तवा मी दारातच हुतो,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, पोराला आधीच लई दुःख हाय, आनि कशाला बोला. दर पावसात इचारायचो, ते तू सोताहून बोलून मोकळा हुशील म्हनून. वाढ आजून थोडी.”

योगायोग म्हणावं, तर त्र्याहत्तरावी पुरचुंडी आली कुठून? यंदा पुन्हा नागावला जायचं आहे. राखेत घोळून आठ पुरचुंड्या बांधल्यात. प्रत्येकीत एकवीस, आणि वर एक.