जनुकाचा वाहक
बेकरीतून यीस्टचा वास आला की मला अंधेरीची आमची प्रयोगशाळा आठवते. ऐंशीच्या दशकात मी तिथे थॅलेसेमियाच्या जनुकावर काम करत होते; जिवाणू वाढवायला आम्ही यीस्टचा अर्क वापरायचो. माझ्या धाकट्या बहिणीला तोच रक्ताचा आजार होता; रक्त चढवून झालं की ती प्रयोगशाळेत माझ्याजवळ येऊन बसायची. एकदा तिने विचारलं, "ताई, कुठे अडलंय तुझं?" मी म्हटलं, "जनुक जिवाणूत न्यायला वाहक निवडायचाय. प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यात, लहान तुकडा मावतो, विषाणूत मोठा. आपला मोठा आहे." "मग विषाणूच घे ना! आणि माझ्यात कधी घालणार?" तो वाहक जिवाणूच्या पुढे, माणसापर्यंत, जाणारच नव्हता, तरी मी म्हणाले, "लवकरच." घरी जाऊन तिने ते आईलाही सांगितलं. दोन वर्षं तिने वाट पाहिली आणि ती गेली. आई आता नव्वदीची आहे. अजूनही म्हणते, "तुका वायच उशीर झालो गो," आणि तो थोडासा उशीर नव्हता, ते कधी होणारच नव्हतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.