आडवी न झालेली बाटली

आमच्या शाळेला पूर्वी पुढून फाटक होतं. आता ते विटा रचून बुजवलंय आणि मुलं मागच्या गोठ्यांमधून शेण तुडवत वर्गात येतात. फाटकासमोर ‘सरकारमान्य देशी दारू दुकान’ आहे. शाळेच्या फाटकापासून ठरावीक अंतरात दारूचं दुकान नको, असा नियम. तक्रार झाली, साहेब आले, टेप धरली, अंतर कमी भरलं. मग सरकारनं न्याय केला. दुकान जागेवर राहिलं आणि फाटक हललं.

मी टेंभुर्णीहून रोज स्कुटीवर या गावात शिकवायला येते. शाळा भरायच्या आधीच दुकानासमोर माणसं उकिडवी बसलेली असतात. त्या गोडसर, आंबूस वासातून मी आजही श्वास रोखून स्कुटी पुढे काढते. वरून आदेश आला म्हणून आम्ही बुजवलेल्या फाटकावर ‘दारू सोडा, संसार जोडा’ असं ठळक रंगवलं. गिऱ्हाइकं बरोबर त्या अक्षरांवर लघवी करतात. दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथही असते. एक हात पुढे आणि एक हात नाकावर धरून मुलं ती म्हणतात.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा मुलगा त्या उकिडव्यांतलाच. थोरला मुलगा दारूनंच गेला होता, हा धाकटा. सून नवीन होती, अजून माणसांत लाजायची, आणि दंडावरचे वळ झाकायला भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची. एकदा ती पिशवी भरून निघालीच होती. मावशींनी तिला शाळेच्या पडवीत बसवून समजावलं, “थोडी कळ काढ. ह्ये दुकान उठलं की त्यो सुदारंल बघ. प्यायला टेंभुर्णीपतूर रोज जायाचा आळस हाय त्याला.” मला तो हिशेब पटला. घोषणेपेक्षा त्या पोराचा आळस नक्कीच भरवशाचा होता.

दुकान उठवायची सोय कायद्यात आहे. गावातल्या बायकांनी मागणी केली की त्यांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. पुरेशा बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मावशी खिचडीची भांडी घासून झाली की घरोघर फिरायच्या, सह्या-अंगठे गोळा करायच्या. मग पडताळणीला साहेब आले. प्रत्येक बाईनं चावडीसमोर उभं राहून, सगळ्या गावादेखत, “व्हय, ह्यो अंगठा माजाच,” असं सांगायचं. समोर पारावर नवरे बसलेले. बायका खालच्या मानेनं बोलल्या, पण बोलल्या. दारू पिणाऱ्याला मात्र कुणी कधी चावडीवर उभं करून विचारलेलं मी पाहिलं नाही.

तारीख ठरवायची बैठक माझ्या वर्गात झाली. “कोणता दिवस सोयीचा, ताई?” साहेबांनी जमलेल्या बायकांना विचारलं. म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या, “पंचमीच्या आदल्या दिशी घ्या. भावाचा उपास असतुया, रानात कोण जात न्हाय. गाव बायकांनी भरल्यालं असतंय.” ते खोटं नव्हतं. नागपंचमीला या गावात झोक्यांना झाडं पुरत नाहीत. दुकानदार दारात टेकून ऐकत होता. तोसुद्धा म्हणाला, “दिवस लई चांगला हाय.” साहेबांनी लिहून घेतलं.

त्या दिवशी शाळेपुढे ही गर्दी! हातावर मेंदी, अंगावर नव्या साड्या. आणि टेबलापाशी एकामागून एक बाई परत फिरायला लागली. “यादीत नाव नाही.” “तुमचंही नाही.” नावं असणार कशी? या गावच्या लेकी होत्या त्या, सणाला आलेल्या. त्यांची नावं त्यांच्या सासरच्या गावांत. आणि ज्यांची नावं इथे होती त्या सुना भावांच्या मोटरसायकलींवर बसून कुर्डुवाडीकडे, माळशिरसकडे, आपापल्या माहेरी गेल्या होत्या. मावशींनी स्वतःच्या सुनेलासुद्धा सकाळीच लावून दिलं होतं. “तितं दोन दिस सुकानं झोप. येशील तवा दुकान नसंल.”

तरी म्हाताऱ्या आल्या, माहेर नसलेल्या आल्या. चिठ्ठ्या उघडल्या तर जिकडेतिकडे आडवी बाटली. मावशींनी माझा हात घट्ट धरला. मग साहेबांनी घसा साफ करून नियम वाचला. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला हव्यात. म्हणजे न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच कामी आली. यादीत मेलेल्या बायकाही होत्या. त्यांतली एक तर नवऱ्याच्या दारूपायी विहिरीत गेलेली. तीही त्या दिवशी दारूच्या बाजूनं मोजली गेली. मी साहेबांना हे सांगितलं. “मॅडम, नियम आमच्या हातात नसतो,” म्हणाले, आणि दुकानदाराकडून आलेला थंडा पिऊन जीपमध्ये बसले. मला त्या माणसाची शिसारी आली. पुढचं मतदान इतक्यात घेता येणार नाही, हेही ते जाता जाता सांगून गेले.

हलगी लगेच सुरू झाली. दुकानदारानं फुकट दारू वाटली, गुलाल उधळला. आमदार निवडून आल्यासारखी मिरवणूक शाळेच्या मागच्या फाटकानं आत शिरली. मावशी चुलीपाशी भांडी आवरत होत्या. त्यांचा मुलगा गुलालानं माखलेला, झोकांड्या खात पुढे आला. वाकून आईच्या पाया पडला आणि तिच्या तोंडाशी पेढा धरला.

“आये, त्वांड ग्वाड कर. जितलो की आपण!”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. “माजा उपास हाय,” म्हणाल्या, आणि पातेलं घासू लागल्या.

पेढा त्यानं तिथंच चुलीच्या कडेवर ठेवला. मी तो उचलून उकिरड्यावर फेकला. हात साबणानं धुतला, पुन्हा धुतला, तरी तो चिकट लागत होता.

पंचमी झाली, लेकी सासरी गेल्या, सुना परत आल्या. मावशींची सून काही दिसेना. मी विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या.

“भावानं आणून सोडलं नाही का तिला, मावशी?”

“त्यो आणून सोडायलाच निगाला हुता, बाई,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “मीच फोन केला. म्हनलं, पोरी, दुकान हाय तितंच हाय. तू येऊ नगंस.”