वन्संनी घेतलेली बॅटरी

अन्वी आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो बघून विचारलंत, "ती रागावलेली आजी कोण?" ती रागावलेली नाही. तिचा चेहराच तसा होता. ती तुमच्या आजोबांची थोरली बहीण, वत्सला. मी त्यांना वन्सं म्हणायची. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तुमची त्यांची भेट कधी झाली नाही, आणि पुढच्या वर्षी मला सगळं इतकं स्पष्ट आठवेल याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

वन्सं कुठलीही वस्तू आपटून-पिळून बघितल्याशिवाय विकत घेत नसत. प्लास्टिकची बादली घ्यायची तर ती उपडी करून तिच्यावर उभ्या राहायच्या. चपला पिळून बघायच्या, कपडे पिळावेत तशा. एकदा माझ्यासाठी छत्री घ्यायला आल्या आणि दुकानातल्या पंख्यासमोर ती उघडून धरली. दोन काड्या तिथंच गेल्या. मी लाजेनं अर्धी झाले, त्या मात्र दुकानदारालाच म्हणाल्या, "बरं झालं, हितंच मोडली. रस्त्यात मोडली असती तर वयनी भिजली असती ना!" शिळफाट्याच्या बाजारात त्या दिसल्या की दुकानदार नाजूक माल मागच्या फळीवर सरकवत.

त्या लोधिवलीला राहायच्या, मुलगा दिलीप, सून आणि नातू सुजय यांच्याबरोबर. दिलीप आणि सून दोघंही रसायनीला कारखान्यात जात, त्यामुळे सुजयला वाढवलं ते वन्संनीच. त्यानंही रसायनीलाच नोकरी धरावी, संध्याकाळी घरी यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तो सैन्यात भरती झाला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, वन्संना मात्र तो निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे कसं, ते ऐका. तो सुट्टीवर आला की त्याच्या आवडीचं सगळं रांधायच्या, त्याच्या पुढ्यात बसून वाढायच्या, आणि मी तिथं गेलेली असले की सांगायच्या मला. "वयनी, त्याला सांग, आमटी गार होतीया." तो हातभर अंतरावर. मी सांगायची, "सुजय, आमटी गार होते आहे." तो म्हणायचा, "आजीला सांगा, खातोय." घरात तिसरं माणूस नसलं तर हा व्यवहार मांजरामार्फत चाले. दोन वर्षं हा पोरखेळ चालला. मी दोघांनाही किती वेळा समजावलं! भिंतीला समजावलं असतं तर तिनं ऐकलं असतं.

मग तो डोंगरावरच्या ठाण्यावर जाण्याआधीच्या सुट्टीत घरी आला. तिथं बर्फ असतं, आणि तिथून महिनोन्महिने खाली येता येत नाही. जेवताना तो वडिलांना सहज सांगत होता, की सरावात त्याची बॅटरी दगडावर पडून बंद पडली आणि अंधारात घसरून गुडघ्याला टाके पडले. आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. वन्सं चुलीपाशी होत्या. सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कर्जतला माझ्या दारात उभ्या. "वयनी, चल. बॅटरी घ्यायचीय. टिकाऊ पायजे."

"मग दिलीपला सांगा ना. माझं काय काम?"

"तुला विंग्रजी येतं. खोक्यावर खोटं काय काय लिवलंय, ते मला सांग."

कर्जतची दोन दुकानं झाली, मग आम्ही शिळफाट्याला गेलो. प्रत्येक ठिकाणी तोच तमाशा. बॅटरी हातात घ्यायची, खांद्याइतकी उंच धरायची आणि फरशीवर सोडून द्यायची. एक दुकानदार कळवळून म्हणाला, "मावशी, बॅटरी हाय ती, नारळ नाय!"

"नारळ असता तर फुटल्यावर खाल्ला तरी असता," वन्सं म्हणाल्या.

मी खोक्यावरचं वाचून सांगितलं, की हिला पाण्यानं काही होत नाही. त्यांनी लगेच बादली मागितली. बर्फात चालेल, असं वाचलं, तर ती बॅटरी माझ्या फ्रीजमध्ये जाणार हे मी ओळखायला हवं होतं.

शेवटी त्यांना पसंत पडली ती लाटण्याएवढी लांब, काळीकुळकुळीत. निवडीचं कारण एकच: ती सगळ्यात लांब उजेड मारत होती. हे समजायला तुम्हाला आमच्याकडचे खेकडे माहीत हवेत. पावसाळ्यात डोंगराखालच्या ओढ्यांवर माणसं खेकडे धरायला जातात. डोळ्यांवर झगझगीत उजेड पडला की खेकडा जागचा हलत नाही, तेवढ्यात त्याला पाठीवरून धरायचं. वन्सं त्यात पटाईत होत्या. त्यामुळे बॅटरी म्हणजे जितका उजेड जास्त तितकी चांगली, यात त्यांना शंकाच नव्हती. ती बॅटरी माझ्या फ्रीजमध्ये मटारांच्या डब्यावर एक रात्र राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोधिवलीच्या अंगणातून त्यांनी ती समोरच्या डोंगरावर मारली आणि मला म्हणाल्या, "बग, झाडं मोजून घे."

सुजय परवा निघणार होता. वन्संनी बॅटरी माझ्या हातात दिली. "त्याला दे."

तो समोर ओटीवर बसला होता. माझा संयम संपला. "वन्सं, मी टपालखातं नाही. तुमची भेट आहे, तुम्ही द्या. तो वर जाणार आहे, तिथं फोनसुद्धा धड लागत नाही. मग कुणामार्फत बोलाल? मांजर नेणार आहे का तो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच काही गुन्हा केला आहे. मग बॅटरी त्याच्या शेजारी ठेवली आणि आत चुलीकडे निघून गेल्या.

सुजयनं ती उचलली, लावली. सगळी ओटी पांढरी झाली. तो मोठ्यानं हसला, आणि मग हसायचा थांबला.

"काय झालं? चांगली नाही का?" मी विचारलं. इतक्या दुकानांनंतर मला दुसरं उत्तर चालणार नव्हतं.

"चांगली हाय. पन तिथं एवढा उजेड चालत नाय. ही लावली तर समोरच्या डोंगरावर बसलेल्याला आमी कुठं हाय ते कळंल. आमी बारीक लाल उजेड लावतो, तो पन हातात झाकून."

आत चिमटा खाली पडल्याचा आवाज आला. वन्सं दारात आल्या. थेट त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "कोन बसलाय समोरच्या डोंगरावर?"

दोन वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"कोन नाय गं आजी."

"कोन नाय तर झाकून कशाला लावता?"

सुजयनं बॅटरी बंद केली. वन्सं त्याच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि दोन वर्षांचं सगळं काढलं. मला विचारलं नायस, बापाला सांगितलंस, चौकातल्या चहावाल्याला सांगितलंस, मी कोन लागते तुजी? सुजय खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाय."

"मंग?"

"मंग काय मंग? विचारायचं तरी रं!"

आणि त्या रडायला लागल्या. चुलीवर भाकरी जळत होती. ती काढायला अर्थातच मी गेले.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलायला आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदारानं तिच्यावरचे पोचे बघितले. "मावशी, ही वापरलीय."

"वापरली नाय. तपासली."

त्यानं परत घेतली नाही, ते योग्यच केलं. ती बॅटरी वन्संनी खेकड्यांसाठी ठेवून घेतली. सुजयनं स्वतः एक लहान, मान वाकणारी, लाल उजेडाची बॅटरी निवडली. मी फरशीकडे बघत आवाजाची वाट पाहत होते. वन्संनी ती मुठीत धरून लावली. बोटांच्या फटी तेवढ्या लाल झाल्या.

"येवढाच उजेड?"

"येवढाच लागतो, आजी."

त्यांनी ती परत त्याच्या हातात दिली. न राहवून मीच म्हटलं, "वन्सं, आपटून बघा की!"

"त्याची हाय ती. त्याला बगू दे."

बादली मात्र मागितलीच.

तो गेल्यावर वन्सं दर बुधवारी लोधिवलीहून माझ्याकडे येऊ लागल्या, कारण फोनवर आवाज भरून पाठवायचं मला जमतं असा त्यांचा समज झाला होता. फोन उलटा धरायच्या. मध्येच मला विचारायच्या, "जातंय का गं?" मी ओरडायची, "वन्सं, बोलत राहा, थांबू नका!" तेही सगळं त्यात जायचं. मोज्यांबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजाऱ्याच्या रेड्याबद्दल, अर्धा अर्धा तास. सुजय खाली आला की त्याला ते सगळे निरोप एकदम मिळत.

वन्सं न्युमोनियानं चार दिवसांत गेल्या. सुजयचं ठाणं तेव्हा बर्फानं बंद होतं. तो दीड महिन्यानं आला. ओटीवर बसून मला म्हणाला, की आजीचा एकही निरोप त्यानं पुसलेला नाही.

ते सगळे निरोप त्याच्या फोनमध्ये आहेत, आणि त्यांत मध्ये मध्ये माझं ओरडणंही आहे.