भिंतीवरची वाकडी रांग

दसऱ्याच्या आदल्या रविवारी बैठकीची एक भिंत नऊ हजारांत रंगवायची ठरली. हजर आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी आणि पेंटर. चार हजार तिथेच दिले.

चित्र मुलीने निवडलं होतं, आजच्या एका जपानी चित्रकाराचं. गडद निळ्यावर पांढरी वर्तुळं, सगळी एकाच मापाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरं काहीच नाही. मला ते पटलं, कारण त्यात चूक लपणार नव्हती. मी पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो.

काम संपलं त्या दुपारी पेंटर दाराला पॉलिश पेपर मारत होता. त्याची भुकटी माझ्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा रुमालाने दाबूनच मी रांगा तपासल्या.

"मधल्या रांगा वाकड्या आहेत."

"वाकड्या? भाऊ, दोरी मारून काढल्या. टेप लावा ना."

मुलीने आणि त्याने टेप धरला. प्रत्येक रांगेचं अंतर सारखं आलं.

"आता टेपलेच वाकडा म्हनता का?" पेंटर हसला.

"अन् ती काळी तीट तरी दिसून राह्यली का तुमाले?" बायको म्हणाली. "मीच काढाले लावली. एवढी देखणी भिंत, कोनाची नजर लागंन."

"कुठाय?"

"अहो, ऐन मधल्या गोलात. रुपयाएवढी."

तिने बोट ठेवलं. मला बोटाचं टोकही दिसेना. वाटलं, तिघं मिळून माझी मजा घेताहेत. रुमाल काढला. तीट समोर होती, रांगा सरळ होत्या. उजवा डोळा पुन्हा झाकला. तीट गेली, रांगा वाकल्या.

"थट्टा करून राह्यले का?" बायकोने विचारलं. मग माझा चेहरा पाहून ती मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली. तिने माझ्यावरून ओवाळल्या, मी ओवाळू दिल्या.

दुसऱ्या दिवशी एसटीने यवतमाळला निघालो. वाटेत डावा डोळा उघडा ठेवून खिडकीचे गज पाहत होतो. गज मधेच वाकत होते. तरी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून?"

मी भिंतीची गोष्ट सांगितली. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, म्हणून आधी कळलं नाही, ते म्हणाले.

"आणि उजवा?"

"सध्या ठीक आहे."

त्या 'सध्या'नंतर त्यांचं अर्धंच बोलणं माझ्या कानांत शिरलं. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. पुढचं थांबवायला इंजेक्शनं घ्यावी लागतील, नागपूरला.

तेव्हापासून सकाळी उठलो की डावा डोळा झाकून भिंतीसमोर उभा राहतो. उजव्याने पहिली रांग सरळ दिसली की मगच चहाला बसतो.

पेंटरला उरलेले पाच हजार दिले. नागपूरच्या दवाखान्यात पहिल्या इंजेक्शनचे अठरा हजार खिडकीवर भरले.