सुंदरीमागचा कलाकार

मी टीव्हीवर आलेलो आहे. (कुणाला दिसलो नाही, हा भाग वेगळा.)

आमच्या खोडदच्या मित्रमंडळींनी एक गावरान वेबसिरीज काढली होती. तिच्यात त्यांना म्हैस हवी होती आणि मला काम! मग ऐन टोमॅटोच्या तोड्यात मी मंचरजवळच्या सासुरवाडीला गेलो आणि सासऱ्यांची सुंदरी टेम्पोत घालून आणली. बदल्यात मला भूमिका मिळाली, सुंदरीचं दावं धरून उभं राहण्याची.

सिरीज मोबाईलवर आली तशी मी सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, बघितलं का मला?"

"पावणं, मोबाईलवर काय, कुणीबी दिसतंय! तोडा सोडून म्हशीमागं हिंडणारा जावई म्हणून लोकं हसत्यात मला. टीव्हीवर दिसा, मंग पेढं वाटतो."

हे मात्र मला फार लागलं. दिसायचं तर टीव्हीवरच, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. आणि काय नशीब बघा, तीच सिरीज एका मोठ्या चॅनलने घेतली! सगळं शूटिंग नव्याने होणार होतं. सुंदरी पुन्हा टेम्पोतून आली.

पण तोवर ती चांगलीच भरली होती. कॅमेऱ्यात तिच्यामागे माझी नुसती टोपी दिसायची.

"दादा, जरा पुढं येऊ का?" मी दिग्दर्शकाला विचारलं.

"सीन म्हशीचा आहे, भाऊ."

मी काय हार मानतो! टोमॅटोचे दोन क्रेट पालथे घातले आणि वर चढलो. तरी अर्धंच तोंड! तिसरा क्रेट लावला. सुंदरी हिसके देतेय, पायाखाली क्रेट डुगडुगतायत, पण सात टेक मी जागचा हललो नाही. शेवटी कॅमेरामन ओरडला, "उजव्या कोपऱ्यात वर, तोंड एकदम क्लिअर!" मी उतरून त्याला मिठी मारली. (उतरून म्हणजे पडून.)

सिरीज टीव्हीवर लागायची त्या संध्याकाळी मामा स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे हजर! शेजारीपाजारी जमले. सुंदरी पडद्यावर आली, टाळ्या पडल्या. आणि उजव्या कोपऱ्यात वर, जिथं माझं तोंड असायला हवं, नेमका तिथंच चॅनलचा गोल लोगो! गळ्यापासून खाली मी, वर चॅनल.

"आवो, तुमचं तोंड कुठंय?" माझ्या बायकोने, सुरेखाने विचारलं.

"लोगोच्या मागं."

"मंग सरकवा की त्याला!"

तिने रिमोटची सगळी बटणं दाबली. आवाज वाढला, भाषा बदलली, लोगो काही हलेना. मग तिने उठून पदराने काच खसाखसा पुसली.

"थांब, जाहिराती लागल्या की जातो तो," मी धीर दिला. जाहिराती लागल्या, लोगो गेला. त्याच्याबरोबर मीही गेलो.

मला रडू यायचं बाकी होतं. मामा मात्र खरंच डोळे पुसत होते. "लई ग्वाड दिसती वं! आमची सुंदरी टीव्हीवर आली!" म्हणत त्यांनी पेढे वाटले. एक पेढा वेगळा काढून ठेवला. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "त्यो सुंदरीचा हाय."

पण खोटं कशाला बोलू, तेव्हापासून सासुरवाडीला मला सगळे ओळखतात. मंचरच्या बाजारात मामा माणसं थांबवून सांगतात, "ह्ये आमचं जावई. टीव्हीवर सुंदरी बघितली ना? तिच्यामागं ते बिनडोक्याचं उभं व्हतं, त्येच ह्ये!"